बंदी उशिरा येते आणि घाईत येते: स्वयंसेवी ओपन सोर्स प्रकल्पातले वाद कसे हाताळावेत

मी मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) होतो त्या एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पात एका जुन्या काँट्रिब्युटरची (कोड पाठवणाऱ्याची) भाषा दोन वर्षं सगळ्यांना खटकत होती. त्याचं काम उत्तम होतं, रिव्ह्यू (इतरांच्या कोडची तपासणी) बारकाईचे असायचे. पण नवख्यांच्या पॅचखाली (पाठवलेल्या कोडबदलाखाली) तो लिहायचा, "हे वाचण्यात माझी सकाळ वाया गेली." त्याचा स्वभावच तसा, म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मग एका रात्री चर्चेत त्याने एकाला वाटेल ते सुनावलं आणि आम्ही तिघांनी चाळीस मिनिटांत त्याला कायमचं काढून टाकलं. आधी लेखी ताकीद नव्हती, नोंदी नव्हत्या, अपिलाची वाट नव्हती. पुढचे सहा आठवडे कोडचं काम जवळजवळ थांबलं आणि जुन्या लोकांत दोन तट पडले. नंतर मी बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट (पॅच स्वीकारण्याच्या विनंत्या) चाळल्या. त्या दोन वर्षांत चांगलं काम पाठवणारे पाच जण त्याच्या रिव्ह्यूनंतर परत फिरकलेच नव्हते. तक्रार एकानेही केली नव्हती.

त्यानंतर आणखी काही प्रकल्पांत मी मॉडरेशनचं, म्हणजे वाद आणि वागणूक सांभाळण्याचं, काम केलं आणि बहुतेक ठिकाणी हेच पाहिलं. बंदी यायला फार उशीर होतो आणि ती आली की घाईत येते. खालच्या पायऱ्या हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत: दखल लवकर घ्यायची, निर्णय सावकाश करायचा.

वाद होण्याआधीची तयारी

आचारसंहितेची फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाचा कोड ठेवायच्या जागी) टाकणं हे पाच मिनिटांचं काम आहे. बरेच प्रकल्प काँट्रिब्युटर कव्हेनंट हा २०१४ पासूनचा तयार मसुदा उचलतात. मसुदा चांगला आहे, पण त्यात संपर्काच्या पत्त्याची एक रिकामी जागा असते आणि ती रिकामीच राहिलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्या जागी काय लिहायचं, इथेच खरी तयारी सुरू होते.

तक्रारीचा पत्ता निदान दोन माणसांपर्यंत पोचला पाहिजे. एकच माणूस असेल आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल, तर ती येणारच नाही. दोघांची नावं उघड लिहा. त्यातल्या एकावर तक्रार असेल तर कुणाला लिहायचं, तेही तिथेच सांगा. प्रकल्प एकट्याने चालवत असाल तर दुसऱ्या प्रकल्पातल्या एखाद्या विश्वासू मेंटेनरला विचारा: "माझ्याविरुद्ध कुणाला बोलायचं असेल तर तुमचं नाव देऊ का?" असं विचारल्यावर नकार मिळाल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्णयाचा अधिकार. तात्पुरती बंदी कोण घालू शकतो, कायमची कोण, आणि अपील कुणाकडे जातं? ही तीन उत्तरं शांततेच्या काळात लिहून ठेवा. भांडण पेटल्यावर लिहिलेला नियम कुणाच्या तरी विरोधात लिहिलाय असंच वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

वादाची जात ओळखा

एखादा धागा, म्हणजे एका विषयावरची चर्चा, तापला की आधी वर्गवारी करा. माझ्या मते प्रकार तीनच, पण ते एकमेकांत मिसळलेले असतात म्हणून चूक होते.

पहिला प्रकार निव्वळ तांत्रिक मतभेदाचा. दोघं चढ्या आवाजात बोलत असतील, पण बोलणं कोडबद्दल आहे. याला मॉडरेशनची गरज नाही, निर्णयाची आहे. अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधल्या बदलाला उणे एक मत देऊन नकाराधिकार वापरता येतो, मात्र सोबत तांत्रिक कारण द्यावंच लागतं. कारण नसलेला नकार धरला जात नाही. हा नियम लहान प्रकल्पांनीही घ्यावा. पुष्कळ भांडणं अशी असतात की निर्णय कोण घेणार हेच ठरलेलं नसतं, म्हणून दोघंही दमेपर्यंत भांडतात. "याचा निर्णय अमुक व्यक्ती शुक्रवारपर्यंत देईल" एवढं एक वाक्य आलं की धागा निवतो.

दुसरा प्रकार वागणुकीचा: टोमणे, हेतूवर शंका, एकाच माणसाच्या प्रत्येक पॅचवर खोडी काढणं, नकार मिळाल्यावर तोच इश्यू (नोंदवलेली अडचण किंवा मागणी) पुन्हा पुन्हा उघडणं. इथे सुटं वाक्य फसवं असतं, सातत्य बघावं लागतं. एक काळजी मात्र घ्या. परक्या भाषेत लिहिणाऱ्याचं वाक्य तुटक आणि उद्धट वाटू शकतं. ज्याची त्या भाषेवरची पकड कच्ची आहे तो सगळ्यांशीच तसं लिहितो. जो फक्त नवख्यांशी तसं लिहितो आणि वरिष्ठांशी गोड बोलतो, त्याला भाषा पुरेशी येते.

तिसरा प्रकार सुरक्षिततेचा: धमकी, लैंगिक छळ, कुणाचा पत्ता किंवा खाजगी माहिती उघड करणं, पाठलाग. इथे पायऱ्या चढत बसायचं नाही. लगेच थांबवायचं, चौकशी नंतर.

या तिन्हींपलीकडे हल्ली आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे दबाव कोण आणतंय. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात घुसवलेलं मागचं दार (चोरून शिरण्याची वाट) मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं. तेव्हा मागचा पत्रव्यवहार वाचणाऱ्यांना दिसलं, की २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्या एकट्या मेंटेनरवर, काम संथ चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या, असा तगादा लावत होती. मेंटेनरला घालूनपाडून बोलणारी नवी, बाकी कुठेच काम न केलेली खाती एकाच सुरात बोलू लागली, तर तो वागणुकीचा प्रश्न आहेच, शिवाय सुरक्षेचाही असू शकतो.

पहिल्या तासात: आंच कमी करा, पुरावा जपा

पहिल्या तासात कुणाचा न्याय करायचा नसतो. फक्त आणखी जखमा होऊ नयेत एवढंच बघायचं. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर धागा कुलूपबंद करता येतो, टिप्पणी लपवता येते, आणि संपूर्ण रिपॉझिटरीवर २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत सहभागाची मर्यादा घालता येते. या मर्यादेत फक्त नवी खाती अडवायची, की आधी योगदान न दिलेले सगळे, हेही निवडता येतं. बाहेरून जमाव येतो तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

टिप्पण्या पुसून टाकू नका, लपवा. पुसलेल्या मजकुराबद्दल दोन्ही बाजू आपापली आठवण सांगतात आणि नंतर खरं-खोटं करता येत नाही. अपवाद एकच: खाजगी माहिती किंवा धमकी. तीही स्क्रीनशॉट आणि तारीख-वेळेसह जपून मगच काढा.

कुलूप लावताना शेवटची टिप्पणी मेंटेनरची असते आणि त्यात हमखास चूक होते. आपलं मत सांगून दार लावून घेणं हा अन्याय आहे. कुलूप लागल्यावरही लिहिण्याचा अधिकार असलेले लोक धाग्यात लिहू शकतात, म्हणून मेंटेनरनी तिथे पुढे काहीही लिहू नये. मी साधारण असं लिहितो: "हा धागा ४८ तासांसाठी बंद करत आहे. तांत्रिक प्रश्न अजून खुला आहे आणि त्यावर निर्णय झालेला नाही. कुणाला वागणुकीबद्दल काही सांगायचं असेल तर आचारसंहितेतल्या पत्त्यावर लिहा." आणि मग ४८ तासांनी धागा खरोखर उघडतो.

तक्रार आली की

एका दिवसात पोच द्या. उत्तर तयार नसलं तरी चालेल: "तुमचा निरोप मिळाला, आम्ही दोघं वाचतो आहोत, रविवारपर्यंत पुढचं कळवू." स्वयंसेवकांकडे वेळ कमी असतो हे तक्रार करणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला टोचतं ते गप्प राहणं.

मग तीनच प्रश्न विचारा. काय घडलं आणि कुठे? याआधीही घडलंय का? तुम्हाला काय झालेलं हवंय? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. मला मिळालेल्या उत्तरांत "त्याला काढा" क्वचित आलं. "त्याने माझे पॅच रिव्ह्यू करू नयेत" हे अनेकदा आलं. ही व्यवस्था आठवड्याभरात लावता येते आणि कित्येक वाद तिथेच संपतात.

तक्रारकर्त्याला पूर्ण गुप्ततेचं वचन देऊ नका. घटना एकाच पुल रिक्वेस्टवर घडली असेल तर समोरच्याला नाव कळणारच. "तुमच्या परवानगीशिवाय आम्ही तुमचं नाव घेणार नाही, पण प्रसंगावरून अंदाज बांधला जाऊ शकतो" हे आधीच सांगा आणि पुढे जायचं का, ते त्यांना ठरवू द्या.

नोंदवही ठेवा. तारीख, दुवा, काय घडलं ते एका ओळीत, काय केलं ते एका ओळीत, कोण हजर होतं. विशेषणं नकोत. "उद्धट" लिहू नका, त्याचे शब्द लिहा. ही वही फक्त मॉडरेटरना दिसेल अशा ठिकाणी असावी आणि उद्या ती त्याच माणसाने वाचली तरी तुम्हाला लाज वाटणार नाही अशी असावी. आमच्या त्या पहिल्या प्रसंगात अशी वही असती, तर दुसऱ्या महिन्यातच दिसलं असतं की हे पाच वेळा झालंय.

खाजगी बोलणं

मला सर्वांत जास्त सांगायचंय ते या पायरीबद्दल, कारण ती सर्वांत जास्त टाळली जाते. उघड धाग्यात माणसाला टोकलं की तो सगळ्यांसमोर आपला बचाव करतो. त्याला मागे हटायला जागाच उरत नाही. खाजगीत तीच गोष्ट सांगितली तर निम्म्याहून अधिक वेळा, निदान माझ्या अनुभवात, "मला कल्पनाच नव्हती" असं उत्तर येतं आणि वागणं बदलतं.

निरोप कसा लिहायचा? चुकीचा नमुना आधी बघा: "बऱ्याच लोकांना तुमच्या बोलण्याचा त्रास होतो. जरा नीट वागा." बरेच लोक कोण? कुठलं बोलणं? नीट म्हणजे कसं? वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, फक्त आपल्यामागे काहीतरी शिजतंय एवढंच कळतं.

त्याऐवजी असं:

"नमस्कार. काल त्या पॅचवर तुम्ही 'हे वाचण्यात माझी सकाळ वाया गेली' असं लिहिलंत. पॅचमधली चूक तुम्ही बरोबर पकडली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य माणसावर आहे आणि आपल्या आचारसंहितेत ते बसत नाही. गेल्या महिन्यातही दोनदा असं झालं, दुवे खाली दिले आहेत. यापुढे रिव्ह्यूमध्ये कोडबद्दलच लिहावं, ही विनंती. ही औपचारिक ताकीद नाही. तुमची बाजू ऐकायची आहे, वाटल्यास फोनवर बोलू."

यात नेमके शब्द आहेत, काय बरोबर आहे त्याची कबुली आहे, पुढे काय हवं ते आहे, आणि पायरी कुठली ते स्पष्ट आहे. त्याच्या मनात काय असेल, बालपण कसं गेलं असेल, तो असुरक्षित आहे का, यावर एक शब्दही नको. आपण डॉक्टर नाही.

हा निरोप कुणी पाठवावा? ज्याचं त्या माणसाशी बरं आहे त्याने, आणि पाठवण्याआधी दुसऱ्या मॉडरेटरने वाचून. रात्री लिहिलेला सकाळी पाठवावा. उत्तर रागाचं आलं तर लगेच प्रत्युत्तर नको. पहिल्या रागाला दोन दिवस दिले की पुष्कळदा दुसरं, वेगळं उत्तर येतं.

ताकीद, मुदत, कक्षा

खाजगी बोलण्याने बदल झाला नाही तर लेखी ताकीद, आणि मग बंदी. काँट्रिब्युटर कव्हेनंटच्या २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या होत्या: दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. तो क्रम तसाच घेतला तरी चालतो. फक्त दोन गोष्टींवर अधिक विचार करा.

एक म्हणजे मुदत. मोठ्या प्रकल्पांनीही ठरावीक काळाची बंदी वापरली आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टिअरिंग कौन्सिलने (कारभारी मंडळाने) ऑगस्ट २०२४ मध्ये एका फार जुन्या कोअर डेव्हलपरला ३ महिन्यांसाठी निलंबित केलं. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका फाइल सिस्टिमच्या मेंटेनरचा सहभाग ६.१३ या एका आवृत्तीच्या कामापुरता रोखला गेला. दोन्ही निर्णयांवर कडाक्याचे वाद झाले, कारण माणसं मोलाची होती. पण शेवटाची तारीख माहीत होती. "पुढील सूचनेपर्यंत" ही मुदत मला सर्वांत वाईट वाटते. तिच्यात शिक्षेची सगळी जाच आहे आणि सुटकेची वाट नाही.

दुसरी म्हणजे कक्षा. सगळीकडून बाहेर काढणं हा एकच उपाय नसतो. विकिपीडियावर एखाद्याला फक्त एका विषयापासून दूर ठेवतात, किंवा दोन सदस्यांना एकमेकांशी संपर्क न ठेवण्याचं बंधन घालतात. कोडच्या प्रकल्पात याचं रूप सोपं आहे: रिव्ह्यूचा अधिकार काढायचा, पॅच पाठवायची मुभा ठेवायची. किंवा चॅट बंद, इश्यू चालू. रोग जिथे आहे तिथेच औषध.

बंदीचा निर्णय आणि तो दिवस

निर्णय निदान तिघांनी घ्यावा. भांडणात असलेला, जवळचा मित्र, त्याच कंपनीतला सहकारी, यांनी बाजूला व्हावं आणि आपण बाजूला का होतोय तेही नोंदवावं. निर्णयाच्या टिपणात कोणते प्रसंग, कोणता नियम, आधी काय करून पाहिलं, किती मुदत आणि ती का, एवढं असलं पाहिजे. ते लिहिताना "आधी काय करून पाहिलं" ही जागा रिकामी राहिली आणि प्रसंग सुरक्षिततेचा नसेल, तर थांबा. तुम्ही घाईत आहात.

बंदीच्या दिवशीचा व्यवहार कोरडा असतो आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. त्या माणसाकडे काय काय आहे त्याची यादी आदल्या दिवशी करा: कमिटचे (कोडमध्ये थेट बदल नोंदवण्याचे) अधिकार, पॅकेज (इतरांना वापरायला तयार कोड) प्रकाशित करण्याचे अधिकार, बिल्डच्या (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवण्याच्या) यंत्रणेतल्या किल्ल्या आणि टोकन, डोमेनचं खातं, चॅटमधलं प्रशासकपद, समाजमाध्यमांचे पासवर्ड, देणगीच्या खात्यावरची सही. मार्च २०१६ मध्ये पॅकेजच्या नावावरून झालेल्या एका वादात चिडलेल्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून आपली पॅकेजं काढून घेतली. त्यातलं लेफ्ट-पॅड फक्त ११ ओळींचं होतं, तरी जगभर बिल्ड कोसळले. तिथे बंदीचा प्रश्न नव्हता, पण एकट्याच्या हातात किल्ली असली की काय होतं ते दिसलं. म्हणून प्रत्येक अधिकार आधीपासूनच दोघांकडे असावा. आधी अधिकार काढा, लगेच पत्र पाठवा, मधे तास जाऊ देऊ नका. लॉग-इन होत नाही यावरून आपली बंदी कळणं फार अपमानास्पद असतं.

पत्र छोटं ठेवा. निर्णय, कारणं आणि दुवे, मुदत, कक्षा, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, परत येण्याच्या अटी. शेवटी त्याच्या कामाबद्दल एक खरं वाक्य, मनापासून वाटत असेल तरच.

त्याचं नाव कमिटच्या इतिहासातून आणि श्रेयाच्या यादीतून काढू नका. काम त्यानेच केलंय. बहुतेक मुक्त परवान्यांत मूळ प्रताधिकाराची सूचना राखणं बंधनकारकच असतं.

जाहीर किती करायचं? माणूस प्रकल्पात दिसणारा असेल तर काहीतरी सांगावंच लागतं, नाहीतर अफवा पसरतात. "अमुक यांचा सहभाग आचारसंहितेनुसार तीन महिने स्थगित केला आहे. तपशील त्यांना कळवले आहेत. त्यांनी अपील केल्यास ते वेगळी समिती ऐकेल." यापलीकडे आरोपांची जाहीर यादी देऊ नका. ज्याला उत्तर देण्याची जागाच तुम्ही बंद केली आहे, त्याच्यावर त्याच जागी आरोप करणं गैर आहे.

बंदी तुमच्यावर आली असेल तर

पहिले दोन दिवस कुठेही काही लिहू नका. दुसऱ्या नावाने खातं काढू नका. अपिलात जिंकण्याजोगी बाजू याच एका चुकीने हरलेली मी पाहिली आहे. पत्र छापून घ्या आणि प्रत्येक प्रसंगासमोर लिहा: झालं, झालं पण संदर्भ वेगळा, झालंच नाही. अपील या तीन रकान्यांतूनच तयार होतं. जे झालं ते आधी मान्य करा. मग जे चूक आहे ते दुव्यांसह दाखवा. प्रक्रियेत खोट असेल, जसं निर्णय देणाऱ्यांत तुमच्याशी भांडणारा माणूस बसला होता, तर ते ठळक लिहा.

विकिपीडियावर परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक जुना प्रघात आहे: ६ महिने थांबायचं, त्या काळात लपूनछपून संपादन करायचं नाही, तीच वागणूक पुन्हा होणार नाही असं सांगायचं, आणि परतीला विरोध व्हावा असं नवं काही करायचं नाही. कुठल्याही प्रकल्पात परतीसाठी मला याहून चांगला आराखडा माहीत नाही.

परतायचं नसेल तर परवाना तुमच्याकडेच आहे, फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढा. कारभारावरच्या नाराजीतून डिसेंबर २०१४ मध्ये नोड या जावास्क्रिप्ट चालवण्याच्या साधनापासून आयओ.जेएस वेगळं झालं आणि २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. रागाच्या भरात काढलेला फोर्क मात्र क्वचित तग धरतो. निदान एक माणूस सोबत असल्याशिवाय काढू नका.

मॉडरेटरवर कोण लक्ष ठेवणार

नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही, तिच्यावर नियम लागू करता येत नाहीत, हे त्यांचं कारण होतं. त्यानंतर त्या प्रकल्पाने आपला कारभार नव्याने रचला आणि २०२३ मध्ये नेतृत्वाची नवी परिषद आली. तुमच्या प्रकल्पात संस्थापकाविरुद्धची तक्रार हाताळता येईल का, हा प्रश्न आजच विचारा. उत्तर नाही असेल तर तुमची आचारसंहिता फक्त नवख्यांसाठी आहे.

मॉडरेटरची पाळी बदलत ठेवा. सहा महिने काम, मग विश्रांती. हे काम रात्री डोक्यात फिरत राहतं आणि त्याचे कमिट कुठे मोजले जात नाहीत.

परतीचा पहिला महिना, आणि गेलेले लोक

मुदत संपून माणूस परत आला की त्याचा पहिला पॅच वादाशी संबंध नसलेल्या मेंटेनरने बघावा. जुना विषय कुणी उकरला तर मॉडरेटरने तो तिथेच थांबवावा, दोन्ही बाजूंनी. महिन्याने दोघांशी एकेकदा बोलावं.

आणि जे बोलल्याशिवाय निघून गेले, त्यांना लिहा. मी त्या पाच जणांना लिहिलं होतं. पॅचचा दुवा, त्यांना जे ऐकावं लागलं त्याबद्दल माफी, आणि आता रिव्ह्यू कोण करतं त्याची माहिती. परत या असा आग्रह नाही. तिघांचं उत्तर आलं नाही. एकीने लिहिलं की तिने तो पॅच स्वतःच्या प्रतीत चालूच ठेवला होता. तिने पुन्हा पाठवला, आणि या वेळी रिव्ह्यू मी केला. पाचव्याने फक्त विचारलं, तुम्ही तेव्हा तो धागा वाचत होतात का. वाचत होतो, असं मी त्याला लिहिलं.